सोमवारची चाळीस

सोमवारी चाळीस.
खायची नाहीत, फळलेली.
कोंबडा हिंडतो त्या खुराड्यातली, न धुतलेली.
घाटनांदूरहून अंबाजोगाईपर्यंत
टीव्हीएसच्या पुढं ट्रे, ट्रेखाली गोधडीची घडी,
अन् रस्त्यातला एकूण एक खड्डा
मला नावानिशी पाठ.

काझी मॅडम दारातच मोजून घेतात.
उजेडासमोर धरतात, एखादं परत देतात:
"याला तडा आहे, व्यंकट. याचं आम्लेट कर."
बाकीच्यांवर पेन्सिलीनं नंबर, तारीख
अन् एक अक्षर.
'स' म्हणजे साधं मिठाचं पाणी,
'औ' म्हणजे औषध.
कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.
अंड्याला विचारत नाहीत.

गुरुवारी रिकामे ट्रे न्यायला गेलो
तर म्हणल्या, बघायचंय का?
कवचाला नखाएवढी खिडकी.
आत तांबडा टिपका, उडायला होता
माझी पापणी उडती तसा.
चोच नाही, पंख नाही, पिल्लूच नाही अजून,
आधी नुसतं उडणं.

"आता पाठ बघ."

मी परळीच्या मोंढ्यात सहा वर्षं पोती शिवली.
दाभण, सुतळी, दोन्ही काठ चिमटीत.
आम्ही कोपऱ्यापासून शिवतो.
हे मधूनच सुरू होतं
अन् दोन्हीकडं सरकत जातं,
दाभण दिसत नाही, हात दिसत नाही.
'स'च्या अंड्यात शिवण पुरी.
'औ'मधल्या काहींत तोंड उघडंच.
"सगळ्यांत नाही," त्या म्हणल्या,
"काहींतच का, तेच शोधतेय. सात वर्षं झाली."

मोंढ्यात पोतं उघडं राहिलं
तर हमाल शिव्या द्यायचा, तूर सांडायची,
झाडून भरायची, परत शिवायची.
इथं परत नाही.

मग मी विचारलं, औषध कशावरचं?
"फिट येते त्यावरचं. चांगलं औषध आहे.
कितीतरी माणसं त्याच्या जोरावर उभी आहेत."

माझ्या खिशात रिकामी पट्टी होती.
मेडिकलवाल्याला दाखवायला ठेवतो,
नाव वाचता येत नाही, रंग ओळखतो.
टेबलावर ठेवली.

त्यांनी एक हातमोजा काढला,
दुसरा काढायचा विसरल्या.
"कुणाची?"
मुद्रिकाची.
"दिवस गेलेत?"
येळवशीला शेतात भज्जी खाल्ली अन् ओकली,
तेव्हा कळलं. आता शिवरात्र आली.
त्यांनी बोटांवर मोजलं.
एवढी यंत्रं त्या खोलीत, अन् बोटांवर.
मी पण मोजलं.
अंड्याचा तिसरा दिवस म्हणजे बाईचा चौथा हप्ता,
हे त्यांनीच मघाशी सांगून टाकलं होतं.
शिवण पडली असंल तर पडली.
नसंल तर नाही.

"अंडं म्हणजे बाई नाही, व्यंकट.
ऐक. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.
फिट आली तर दोघांना धोका.
उद्या घेऊन ये. सोनोग्राफीच्या दारात
मी स्वतः थांबते."

मी विचारलं, तिचं 'स' का 'औ'?
बोलल्या नाहीत.
वही फिरवून माझ्याकडं केली.
शेवटच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात
एकच शब्दजोडी खालपर्यंत.
मला वाचता येत नाही म्हणून
त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवली:
माहीत नाही. माहीत नाही.

येताना ट्रे रिकामा,
तरी मी खड्डे चुकवत आलो.

मुद्रिका भाकरी थापायली होती.
म्हणलं, उद्या अंबाजोगाईला जायचं.
"अंड्यावाल्या मॅडमकडं?" ती हसली.
"मला उजेडासमोर धरणार का काय?"
हो, म्हणलं.

रात्री आठला तिनं गोळी घेतली.
पाणी मी दिलं.